उंच टॉवर वाऱ्याच्या दिशेला आडवा का डोलतो?

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर ४४२ मीटर उंचीचा, ११७ मजल्यांचा निवासी टॉवर उभा राहणार, अशी घोषणा २०१० साली झाली. 'वर्ल्ड वन' ही जगातली सर्वांत उंच निवासी इमारत ठरेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच सुमारास चर्नी रोडजवळ १२६ मजल्यांच्या 'इंडिया टॉवर'चं काम सुरू झालं होतं. आणि मुंबईत तर्कवितर्कांना ऊत आला. भरावाच्या जमिनीवरच्या या शहराला एवढं ओझं पेलेल का? भूकंप झाला तर सगळ्यात आधी हेच कोसळणार ना? वादळात टॉवर आडवा झाला तर शेजारच्या चाळींचं काय?

पुढे इंडिया टॉवरचं काम २०११ मध्ये महापालिकेशी झालेल्या वादात थांबलं. वर्ल्ड वनला विमानतळ प्राधिकरणाकडून तेवढ्या उंचीची मंजुरी मिळाली नाही, आणि तो टॉवर ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर थांबला. तर्कवितर्क मात्र थांबलेले नाहीत. नव्या आलिशान टॉवरचं चित्र पेपरात आलं की तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतात.

भूकंपाचा प्रश्न आधी निकालात काढू. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक दोलनकाल असतो, म्हणजे एकदा डावीकडून उजवीकडे जाऊन परत यायला तिला लागणारा वेळ. वीस मजल्यांच्या इमारतीचा दोलनकाल साधारण दोन सेकंदांच्या आसपास असतो, तर ४०० मीटरच्या सडपातळ टॉवरचा आठ-दहा सेकंद. भूकंपाच्या धक्क्यांतली बरीचशी ऊर्जा याहून पुष्कळ जलद कंपनांत असते. १९८५ साली मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मऊ गाळाने साधारण दोन सेकंदांची कंपनं वाढवली आणि सर्वाधिक हानी झाली ती सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची. त्याच शहरातला ४४ मजली टोरे लातिनोअमेरिकाना मात्र उभा राहिला. उंच म्हणजे आधी पडणार, हे समीकरण चुकीचं आहे. नीट आरेखन केलेल्या अतिउंच टॉवरच्या बाबतीत अभियंत्याची झोप उडवतो तो बहुतेक वेळा वारा. आणि तिथेही प्रश्न पडण्याचा नसतो, वरच्या मजल्यावर माणसाला राहवेल का, हा असतो.

हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांचं आरेखन चालू असताना. इमारत किती हलली तर माणसाला कळतं, याची विश्वासार्ह माहितीच तेव्हा नव्हती. मग १९६५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या यूजीन गावात डोळ्यांची मोफत तपासणी करून देण्याची जाहिरात दिली गेली. लोक आले. तपासणीची खोली प्रत्यक्षात चाकांवर होती आणि हायड्रॉलिक यंत्रणा तिला हळूहळू मागेपुढे सरकवत होती. डोळे तपासून घेताना लोकांना चक्कर आल्यासारखं वाटू लागलं, काहीतरी बिनसलंय असं ते म्हणू लागले. अभियंत्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी हालचालीला. त्यानंतर लेस्ली रॉबर्टसन यांनी प्रत्येक मनोऱ्यात रबरासारख्या चिकट-लवचीक पदार्थाचे सुमारे १० हजार डॅम्पर, म्हणजे डोलण्याची ऊर्जा जिरवणारे भाग, बसवले. याच रॉबर्टसन यांच्या नावाच्या कंपनीने पुढे लोअर परळच्या वर्ल्ड वनचा सांगाडा आखला.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव आहे, त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल म्हणजे त्वरण कळतं. म्हणून अभियंते टॉवर किती सेंटीमीटर हलला यापेक्षा त्याचं त्वरण किती, हे बघतात. एकक असतं मिली-जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचा हजारावा भाग. पाचेक मिली-जीला अनेकांना हालचाल जाणवायला लागते. दहा वर्षांतून एकदा येईल अशा वाऱ्यात घरांसाठी १५ ते १८, कार्यालयांसाठी २० ते २५ मिली-जी, ही जगभर वापरात असलेली ढोबळ मर्यादा. घरांसाठी ती कडक, कारण रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला हालचाल जास्त छळते आणि उठून जायला दुसरी जागा नसते. दहा सेकंदांच्या दोलनकालाचा टॉवर दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटीमीटर हलला तर त्वरण होतं १२ मिली-जी. तोच टॉवर सहा सेकंदांत तेवढाच हलला तर ३३.

आता मुख्य गोष्ट. वारा पश्चिमेकडून आला तर टॉवर पूर्वेकडे झुकेल, असं आपण धरून चालतो. झुकतोही. पण सडपातळ टॉवरच्या वरच्या मजल्यांवर सगळ्यात मोठं डोलणं बहुधा उत्तर-दक्षिण असतं, वाऱ्याच्या दिशेला आडवं! वारा ढकलतोय एकीकडे आणि इमारत हलतेय दुसरीकडे.

याचं कारण भोवरे. चौकोनी टॉवरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना वळसा घालताना हवा भिंतीला चिकटून राहू शकत नाही, ती सुटते. दोन्ही बाजूंनी सुटलेले हवेचे पापुद्रे टॉवरच्या मागे आत वळतात आणि गुंडाळले जाऊन भोवरे बनतात. समजा डावीकडचा भोवरा आधी वाढला. तो जसा मोठा होतो तसा उजवीकडच्या पापुद्र्याला आपल्याकडे खेचून घेतो. पण त्या पापुद्र्यातली हवा उलट दिशेने फिरणारी असते. ती मध्ये घुसली की डावीकडच्या भोवऱ्याला मिळणारा पुरवठाच तुटतो, तो सुटतो आणि वाऱ्याबरोबर वाहून जातो. आता उजवीकडच्याला वाढायला मोकळीक मिळते, आणि त्याचाही शेवट तसाच होतो. म्हणजे प्रत्येक भोवरा वाढता वाढता स्वतःला तोडणारी हवा स्वतःच ओढून आणतो. डावा, उजवा, डावा, उजवा, अशी ही रांग आपोआप चालू राहते. भोवरा ज्या बाजूला वाढतो त्या बाजूचा दाब कमी होतो आणि टॉवर तिकडे ओढला जातो.

वाऱ्यात ताणलेली तार का गाते, याचा अभ्यास करताना विन्सेंट स्ट्राउहाल या शास्त्रज्ञाने १८७८ साली या लयीचा नियम शोधला. भोवऱ्यांची वारंवारिता म्हणजे वाऱ्याचा वेग भागिले वस्तूची रुंदी, गुणिले एक ठरावीक अंक. गोल वस्तूसाठी हा अंक सुमारे ०.२, चौकोनीसाठी सुमारे ०.१२. मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या रांगेचं गणित पुढे थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये मांडलं.

करून बघा. ३० मीटर बाजूचा चौकोनी टॉवर, दोलनकाल १० सेकंद. सेकंदाला ०.१ वेळा डोलणारा हा टॉवर आणि भोवरे यांची लय कधी जुळेल? ०.१ गुणिले ३०, भागिले ०.१२. उत्तर सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. मुंबईसाठी भारतीय मानकात धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग, तोही जमिनीपासून फक्त १० मीटरवरचा. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. ४०० मीटर उंचीवर ताशी ९० किलोमीटरचा सलग वारा ही कल्पनेतली गोष्ट राहत नाही. आता वीस मजल्यांची इमारत घ्या: रुंदी २५ मीटर, दोलनकाल २ सेकंद. लय जुळायला लागतो सेकंदाला १०४ मीटर, ताशी पावणेचारशे किलोमीटर. तो कधीच येणार नाही. म्हणूनच आपल्या सोसायटीच्या इमारतीत हे कधी जाणवलं नाही आणि एवढी वर्षं कुणाला या विषयाशी देणंघेणं नव्हतं.

लय जुळली की काय होतं, ते भरलेली बादली घेऊन चालणाऱ्याला ठाऊक असतं. पावलांचा ठेका पाण्याच्या हेलकाव्याशी जुळला की दहा पावलांत पाणी काठावरून सांडतं. यालाच अनुनाद म्हणतात. त्याला आवर घालतं ते फक्त डॅम्पिंग, म्हणजे सांध्यांत आणि भेगांत हालचालीची जी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जिरते ती. डोलणं मुळीच होऊ न देणारं डॅम्पिंग शंभर टक्के धरलं, तर टॉवरमध्ये हे साधारण एक टक्का असतं. गणित सांगतं की एक टक्का डॅम्पिंग असताना अचूक लयीत येणारं बल, स्थिर बलापेक्षा ५० पट परिणाम करतं. खरा वारा एवढा शिस्तीचा नसतो, म्हणून प्रत्यक्षात गुणाकार कमी होतो. पण डॅम्पिंग एकावरून तीन-चार टक्क्यांवर नेलं तर केवढा फरक पडेल, ते यावरून कळावं.

उपाय दोन. पहिला आकाराचा. कोपरे छाटा किंवा गोल करा, उंचीबरोबर रुंदी बदलत न्या. रुंदी बदलली की स्ट्राउहालच्या नियमाने प्रत्येक उंचीवरच्या भोवऱ्यांची लय वेगळी होते आणि सगळे मिळून एका तालात ओढू शकत नाहीत. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाला जे चक्राकार चढत गेलेले टप्पे आहेत ते याचसाठी. शांघाय टॉवर १२० अंशांनी पिळलेला आहे, तोही याचसाठी.

दुसरा उपाय माझा सर्वांत आवडता: टॉवरच्या डोक्यात टांगलेलं वजन. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या हेर्मान फ्राम यांनी १९०९ मध्ये तिचं पेटंट मागितलं होतं. तैपेई १०१ या ५०८ मीटरच्या इमारतीत ९२व्या मजल्यावरून केबलांनी ६६० टनांचा सोनेरी गोळा टांगला आहे. व्यास साडेपाच मीटर, पोलादाच्या ४१ जाड चकत्या एकावर एक रचून केलेला, आणि खाली तेलाचे दट्ट्ये. २०१५ च्या सुडेलोर वादळात हा गोळा मध्यापासून सुमारे एक मीटर सरकला. पर्यटकांना सांगितलं जातं की इमारत डावीकडे गेली की गोळा उजवीकडे जातो. हे अर्धवट आहे. नुसतं उलट दिशेला गेल्याने ऊर्जा जिरत नाही. गोळ्याचा दोलनकाल इमारतीच्या दोलनकालाशी जुळवलेला असतो, त्यामुळे गोळा इमारतीच्या मागे बरोबर पाव फेरी रेंगाळतो, म्हणजे पूर्ण फेरी ३६० अंशांची धरली तर ९० अंश. याचा परिणाम असा की इमारत मध्यातून सर्वाधिक वेगाने जात असते नेमक्या त्याच क्षणी गोळा टोकाला असतो आणि वेगाच्या बरोबर विरुद्ध दिशेने तिला ओढत असतो. वेगाला विरोध करणारं बल म्हणजेच ब्रेक. इमारतीची ऊर्जा गोळ्यात येते, गोळ्यातून दट्ट्यांच्या तेलात जाते आणि तेल तापतं. वाऱ्याचं रूपांतर कोमट तेलात, इतकं सरळ!

आता शाळेतलं लंबकाचं सूत्र आठवा. १० सेकंदांच्या दोलनकालासाठी लंबकाची लांबी येते जवळजवळ २५ मीटर. साडेतीन मीटरचा मजला धरला तर सात मजले. दुमडलेला लंबक वापरून ही उंची कमी करता येते, तरीही ही जागा जाते ती अगदी वरची, म्हणजे विकासकाच्या दृष्टीने सर्वांत महागडी. आलिशान टॉवरची खरी ओढाताण इथे आहे.

न्यूयॉर्कचा ४३२ पार्क अव्हेन्यू हा २०१५ मध्ये पूर्ण झालेला टॉवर पाहा. ४२६ मीटर उंच, बाजू फक्त साडेअठ्ठावीस मीटर, पायापासून माथ्यापर्यंत एकसारखा चौकोन. वारा आरपार जावा म्हणून ठरावीक अंतराने दोन-दोन मजले उघडे ठेवलेले आहेत, वर डॅम्परही आहेत. तरीही २०२१ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी जाहीर झाल्या: वाऱ्यात भिंतींची करकर, बंद पडणाऱ्या लिफ्ट. प्रकरण कोर्टात गेलं. लिफ्टचा संबंध डोलण्याशी आहे, कारण शेकडो मीटर लांबीच्या दोरांचाही स्वतःचा दोलनकाल असतो आणि तो टॉवरशी जुळला की दोर शाफ्टमध्ये आपटू लागतात.

मुंबईतल्या महागड्या टॉवरची माहितीपत्रकं मी आवर्जून वाचतो. दाराची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे आहे हे ठळक छापलेलं असतं. तेराव्या मजल्याचा नंबर गाळलेला असतो. तलाव कितव्या मजल्यावर, संगमरवर कुठला, सगळं असतं. वास्तूच्या दिशांचा आणि घर सुखाचं होण्याचा काहीही संबंध नाही, तेरा आकडा गाळल्याने चौदावा मजला तेरावाच राहतो, आणि यावर कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या माणसाला त्याच्या मजल्यावरचं त्वरण कुणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड येते. हा आकडा अभियंत्यांकडे असतो. उंच काँक्रीट इमारतींसाठीचं भारतीय मानक, आयएस १६७००, २०१७ पासून आहे. ते ५० ते २५० मीटरच्या इमारतींसाठी आहे. त्यावरच्या उंचीला तज्ज्ञांचा स्वतंत्र आढावा लागतो. अशा टॉवरचं छोटं मॉडेल विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, ठेवून चाचणी होते. तिचा अहवाल असतो.

तो मागा. टॉवरचा दोलनकाल किती, दहा वर्षांच्या वाऱ्यात सर्वांत वरच्या राहत्या मजल्यावर किती मिली-जी, आणि डॅम्पिंग किती टक्के धरलंय, हे तीन आकडे विचारा. चौथा प्रश्न परळ-वरळीसाठी खास महत्त्वाचा: चाचणीच्या मॉडेलमध्ये आसपासचे मंजूर झालेले, पण अजून न बांधलेले टॉवर धरले होते का? शेजारी दुसरा टॉवर उभा राहिला की त्याने सोडलेले भोवरे आपल्या भिंतीवर येऊन आदळतात, आणि मोकळ्या आकाशात काढलेले आधीचे तिन्ही आकडे पुन्हा मोजावे लागतात.