सुपरचार्जर आणि इंजिनाचे आयुष्य: शंभर वर्षांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कारखान्यातून साध्या इंजिनासह आलेल्या वेगवान गाडीवर नंतर सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारे यंत्र) बसवला, तर ते इंजिन किती वर्षे टिकेल, हा प्रश्न आज प्रामुख्याने फोर्ड मस्टँग किंवा शेव्हरोले कॉर्व्हेटच्या अमेरिकन मालकांना पडतो. एकाच प्रकारच्या गाडीवर एकाच प्रकारचे किट बसवलेले दोन मालक याबाबत अगदी उलट अनुभव सांगतात आणि दोघेही खरे बोलत असतात. हा विरोध कशामुळे निर्माण होतो, हे समजण्यासाठी या यंत्राचा मोटारीतील प्रवेश आणि त्यानंतरची काही दशके पाहावी लागतात.

सुपरचार्जर मुळात मोटारीसाठी जन्मलेला नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी 1860 मध्ये ज्या ब्लोअरचे (दाबाने हवा ढकलणाऱ्या यंत्राचे) पेटंट घेतले, तो पुढे धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरला गेला. गॉटलीब डाइमलर यांनी 1885 मध्ये इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली, परंतु रस्त्यावरच्या गाडीत ती रुजायला पहिले महायुद्ध संपावे लागले. मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर, म्हणजे सुपरचार्जर लावलेल्या, गाड्या 1921 मध्ये लोकांसमोर आल्या. त्या गाड्यांतील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचा ब्लोअर सतत चालत नसे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच क्लच जोडला जाऊन तो फिरू लागे आणि तेही थोड्या वेळापुरतेच अपेक्षित होते. म्हणजे हे इंजिन जादा भार कायम सोसू शकणार नाही, हे त्याच्या निर्मात्यांनी पहिल्याच टप्प्यावर रचनेतच मान्य केले होते.

ही मर्यादा दुर्लक्षिली की काय होते, हे बेंटलीच्या इतिहासात दिसते. इंग्लंडमध्ये टिम बर्किन या शर्यतपटूने 1929 च्या सुमारास साडेचार लिटरच्या बेंटली इंजिनाला अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी आखलेला रूट्स ब्लोअर जोडला. तो क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकावरून थेट फिरत असे. साध्या इंजिनाची सुमारे 110 अश्वशक्ती रस्त्यावरच्या आवृत्तीत 175 पर्यंत आणि शर्यतीच्या आवृत्तीत 240 पर्यंत गेली. डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा मात्र या प्रयोगाला ठाम विरोध होता. अधिक ताकद हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. 1930 च्या फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्लोअर लावलेल्या दोन्ही बेंटली गाड्यांना इंजिनातील बिघाडामुळे माघार घ्यावी लागली, तर ब्लोअर नसलेली साडेसहा लिटरची स्पीड सिक्स जिंकली. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन दुसरा आला, हेही नोंदवले पाहिजे. काही तासांच्या शर्यतीत तग धरणारे यंत्र रात्रभर चालवल्यावर कोलमडते, आणि मालकांच्या अनुभवांतील आजचा विरोधही याच फरकातून येतो.

यामागचे कारण उष्णतेत आहे. वातावरणाचा दाब सुमारे 14.7 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) असतो. त्यावर 8 पीएसआय जादा दाब दिला आणि ब्लोअरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर 30 अंश सेल्सिअसची हवा सुमारे 95 अंशांपर्यंत तापते. अशी हवा मूळच्या उच्च संपीडनाच्या सिलिंडरमध्ये शिरली की इंधनाचे मिश्रण ठिणगीनंतर शांतपणे जळत जाण्याऐवजी त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो. हे नॉकिंग काही क्षण चालले तरी पिस्टनच्या रिंगांमधील पातळ कडा तुटू शकतात. म्हणून हवा थंड करणारा इंटरकूलर लावावा लागतो, ठिणगी उशिरा द्यावी लागते आणि चांगले पेट्रोल भरावे लागते. (अमेरिकन पंपावरचा 91 हा ऑक्टेन आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो, आपल्याकडच्या 91 पेक्षा ते पेट्रोल बरेच वरच्या दर्जाचे असते, हे तिकडची माहिती वाचताना ध्यानात ठेवावे.)

या सगळ्याचा विचार करून गाडी कारखान्यातच घडवली तर काय होते, याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण 2003 ची मस्टँग कोब्रा आहे. आधीच्या कोब्राचे इंजिन अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचे, 9.85 संपीडन गुणोत्तराचे (पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो तो आकडा) आणि 320 अश्वशक्तीचे होते. फोर्डने त्यावर नुसता ईटन कंपनीचा ब्लोअर चढवला नाही. ब्लॉक ओतीव लोखंडाचा केला, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घडीव धातूचे घेतले, संपीडन 8.5 वर आणले आणि मगच 390 अश्वशक्ती जाहीर केली. इतकी राखीव ताकद शिल्लक होती की पुढे अनेक मालकांनी लहान पुली (ब्लोअर फिरवणारे पट्ट्याचे चाक) लावून दाब वाढवला, तरी खालचे इंजिन टिकले. त्या गाड्यांत त्रास झाला तो बहुधा ब्लोअर जास्त वेगाने फिरवल्यामुळे तापणाऱ्या हवेचा.

2011 पासूनच्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन याच्या उलट टोकाला आहे. त्याचे संपीडन 11 होते, 2018 पासून ते 12 झाले. ब्लोअरशिवाय, साध्या श्वासोच्छ्वासावर, सुरुवातीला 412 अश्वशक्ती देणारे ते अत्यंत उत्तम इंजिन आहे, पण त्याचे भाग त्या ताकदीच्या हिशेबाने निवडलेले आहेत. सुपरचार्जरचा पट्टा क्रँकच्या पुढच्या टोकाला सतत ओढतो आणि त्याच टोकावर तेलपंपाचे, धातूच्या भुकटीपासून बनवलेले गियर बसतात. जोरात निसटणारी चाके आणि वारंवार कमाल फेऱ्यांना जाणारे इंजिन यांमुळे हे गियर तडकले, की तेलाचा दाब जातो आणि काही सेकंदांत बेअरिंगे संपतात. म्हणून जाणकार कारागीर किट बसवताना इंजिन उघडून हे गियर आधी बदलतात. तो खर्च वाचवणारा मालक बहुधा पुढे संपूर्ण इंजिनाची किंमत मोजतो. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेच्या इंजिनांत क्रँकवरची पुढची पुली चावीविना (दांड्याला अडकवणाऱ्या धातूच्या तुकड्याविना) केवळ घट्ट बसवलेली असल्याने, ती घसरू नये म्हणून तिथे पिन ठोकण्याची पद्धत पडली. किटच्या किमतीत या गोष्टी सहसा धरलेल्या नसतात.

कारखान्यातल्या गाड्याही यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत. 2015 च्या कॉर्व्हेट झेड06 बाबत ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना तापण्याच्या तक्रारी आल्या आणि 2017 च्या गाडीत शेव्हरोलेने बॉनेटवरील हवेच्या खिडक्या मोठ्या केल्या. त्याच पिढीतल्या डॉज हेलकॅटचा सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे 80 अश्वशक्ती लागते. हा सारा भार पट्टा आणि क्रँकवरूनच जातो.

बिघाड झाल्यावर खर्च कोणी सोसायचा, यावरही अमेरिकेत जुना कायदा आहे. 1975 च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनीला संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला असेल तरच तेवढी जबाबदारी झटकता येते. खिडकीची मोटर बंद पडली तर हा कायदा मालकाच्या कामी येतो. वाढवलेल्या दाबाखाली पिस्टनची कडा तुटली असेल, तर येत नाही.