रो-रो बोट : नाशिकहून गाडीसह सागरी प्रवास

गाडी स्वतः चालवत बोटीवर चढवायची, पलीकडच्या धक्क्यावर चालवतच उतरवायची आणि पुढचा प्रवास त्याच गाडीने करायचा, या पद्धतीला रो-रो म्हणतात. ‘रोल ऑन, रोल ऑफ’ याचे हे लघुरूप. गाडी क्रेनने उचलावी लागत नाही, म्हणून चढ-उतार झटपट होतो आणि भाडेही आवाक्यात राहते. कोकणात खाडी ओलांडणाऱ्या अशा बोटीला सर्रास ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. त्यातल्या जंगलाचा झाडाझुडपांशी काही संबंध नाही.

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर असूनही पाठ फिरवून पूर्वेला जाते, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. नाशिकच्या गाडीलाही तोच सह्याद्री उतरावा लागतो. एमएच १५ ची गाडी कोणत्याही धक्क्यावर पोहोचते तेव्हा एखादा घाट आणि किमान दीड-दोनशे किलोमीटर तिच्या मागे पडलेले असतात. त्यामुळे मुंबईकराला जी बोट परवडते ती नाशिककराला परवडेलच असे नाही. तिकिटाचा आकडा दोघांना सारखाच असतो, हिशेब मात्र निराळा.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा. १५ मार्च २०२० रोजी ती सुरू झाली, लगेच आलेल्या टाळेबंदीत थांबली आणि नंतर पूर्ववत झाली. ग्रीसमध्ये बांधलेली मोठी बोट साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते. दक्षिण मुंबईतल्या माणसाला पनवेल-वडखळ करत जाण्याचे शंभरावर किलोमीटर वाचतात, म्हणून त्याच्यासाठी ती वरदान आहे. नाशिकहून अलिबागला निघालेली गाडी मात्र कसारा घाट उतरून भिवंडी-कल्याणच्या अंगाने थेट पनवेल गाठू शकते, मुंबईत शिरायचे कारणच पडत नाही. हा रस्ता अलिबागपर्यंत साधारण २४० किलोमीटर भरतो. भाऊच्या धक्क्यावरून गेल्यास रस्त्याचे अंतर १९५च्या आसपास येते. म्हणजे वाचले जेमतेम ४५ किलोमीटर, इंधनाच्या भाषेत तीन लिटर. त्यासाठी मोटारीचे हजाराच्या घरातले भाडे, माणशी वेगळे तिकीट, बोटीच्या वेळेआधी धक्क्यावर हजर राहणे आणि मुंबईची वाहतूक. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडीपर्यंतचा रस्ता आणखी सोपा झाला आहे. शिवाय मुंबईत काही काम असेलच, तर जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. मांडव्याची बोट नाशिककराने गंमत म्हणून, मुलांना समुद्र दाखवायला जरूर घ्यावी. वेळ किंवा पैसा वाचवण्यासाठी ती घेण्यात अर्थ नाही. जोडून सुट्टी आली की वडखळच्या बाजूला वाहनांची रांग लागते, तेवढा एक अपवाद.

खाड्यांवरच्या छोट्या बोटींची गोष्ट पूर्ण वेगळी. कोकणचा किनारा सरळ नाही. जागोजागी खाडी आत घुसते आणि समोर दिसणारे गाव रस्त्याने पन्नास-शंभर किलोमीटर लांब जाते. दाभोळ-धोपावे ही वाशिष्ठीच्या मुखावरची सेवा २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरिन सर्व्हिसेसने सुरू केली. त्याआधी माणसे लाँचने खाडी ओलांडत आणि गाडीला चिपळूणचा वळसा घालावा लागे. दापोलीच्या माणसाला गुहागर जवळ आले ते या बोटीमुळे. पुढे सावित्रीच्या मुखावर बागमांडला-वेसवी, राजपुरी खाडीवर आगरदांडा-दिघी आणि जयगडच्या खाडीवर तवसाळ-जयगड अशा सेवा उभ्या राहिल्या. मोटारीला काही शे रुपये पडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर येतो.

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत नाशिकहून कोकणात जाणारी कुटुंबे या बोटी एकामागून एक घेतात. सिन्नर, संगमनेर करत पुणे, तिथून ताम्हिणी उतरून माणगाव आणि पहिला मुक्काम हरिहरेश्वर, किंवा कसाऱ्यावरून पनवेल-पेण-माणगाव. हरिहरेश्वरपासून बागमांडल्याचा धक्का अगदी जवळ. तिथून वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली. मग दाभोळची बोट आणि गुहागर, हेदवी. शेवटी तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. तीन बोटींचे भाडे मिळूनही वळशांच्या इंधनापेक्षा कमीच भरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी महामार्गापर्यंत वर चढून पुन्हा खाली उतरण्याचा शीण वाचतो. नाशिकहून सात-आठ तास गाडी हाकून आलेल्या माणसाला त्याची किंमत नीट कळते.

बोटीवर चढण्याचा क्षण मात्र नवख्याला धडकी भरवतो. बोट काठाला टेकते, तोंडाची लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येऊन सिमेंटच्या उतारावर आपटते आणि आधी पलीकडच्या गाड्या बाहेर पडतात. मग खलाशी हाताने खुणा करत एकेक गाडी आत घेतो. कधी गाडी उलटी चढवायला सांगतो. ओहोटीच्या वेळी उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे ब्रेक मारला की चाक घसरते, म्हणून पहिल्या गिअरमध्ये संथ, पण न थांबता जायचे असते. जमिनीपासून कमी उंची असलेल्या गाडीचा बंपर फळीच्या कडेला घासण्याची भीती असते. अशा गाडीने शक्यतो भरतीची वेळ धरावी. आत गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवतात, गरज पडल्यास चाकाला उटी लावतात. दोन गाड्यांमध्ये दार उघडण्यापुरतीही जागा उरत नाही, म्हणून वयस्कर माणसांना आधीच खाली उतरवलेले बरे.

नाशिककराला खरोखर मोठा फायदा देणारी सेवा महाराष्ट्रात नाही, गुजरातेत आहे, आणि तिचा बोलबाला नाशिकमध्ये व्हायला हवा तितका झालेला नाही. सुरतजवळचे हजिरा ते भावनगरजवळचे घोघा ही खंभातच्या आखातावरची बोट ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. रस्त्याने हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर, आखाताला पूर्ण प्रदक्षिणा घालून. समुद्रमार्गे सुमारे ९०. सुरुवातीच्या ‘व्हॉयेज सिम्फनी’ या तीन मजली बोटीची क्षमता ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी अशी जाहीर झाली होती. दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांवर येतो. नाशिकहून सापुताऱ्याच्या किंवा पेठ-धरमपूरच्या रस्त्याने सुरतकडे उतरायला चार-पाच तास लागतात. पालिताण्याच्या यात्रेला जाणारी नाशिकची जैन कुटुंबे किंवा सोमनाथ-गीरला निघालेले पर्यटक यांच्या दृष्टीने गाडी हाकण्याचा जवळपास अख्खा दिवस यात वाचतो.

पैशाचा हिशेब इथे स्वतः मांडून पाहावा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ३७० किलोमीटरला सुमारे २५ लिटर पेट्रोल पिते, शिवाय टोल. बोटीवर गाडीचे भाडे वेगळे आणि माणशी तिकीट वेगळे. त्यामुळे एकटा-दुकटा प्रवासी फायद्यात राहू शकतो. माणसे वाढली की तिकिटांची बेरीज इंधनाच्या खर्चाला गाठते किंवा मागे टाकते आणि मग फायदा उरतो तो वेळेचा आणि विश्रांतीचा. रात्रभर गाडी चालवणे टळते, हे ज्याच्या घरात एकच चालक आहे त्याच्या दृष्टीने लहान नाही.

याच आखातावर आधी घोघा-दहेज सेवा सुरू झाली होती, ऑक्टोबर २०१७ मध्ये. नर्मदेच्या मुखाशी दहेजला गाळ साचत राहिला, बोटीला पुरेसे पाणी मिळेना आणि सेवा बंद पडली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. अशा पाण्यात बोटीचे वेळापत्रक बदलू शकते, म्हणून नाशिक सोडण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ पाहिलेली बरी. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मोठ्या पाण्यावरच्या फेऱ्या रद्द होतात.

विम्याची बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भारतातल्या मोटार विम्याच्या प्रमाण मजकुरात वाहतुकीदरम्यान होणाऱ्या नुकसानीसाठी रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट आणि विमान यांची नावे आहेत. समुद्राचे नाव त्या यादीत नाही. खाडी ओलांडण्याचा आणि आखात ओलांडण्याचा प्रश्न त्यामुळे एकसारखा नाही. लांबच्या सागरी फेरीपूर्वी विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

गाड्या मालगाडीवर चढवून नेणारी कोकण रेल्वेवरची रो-रो ही या बोटींची चुलत बहीण. ट्रकसाठी ती १९९९ पासून आहे. मोटारींसाठी रायगडातले कोलाड ते गोव्यातले वेर्णा ही फेरी २०२५ च्या गणेशोत्सवात सुरू झाली, मोटारीमागे ७,८७५ रुपये भाड्याने. मधला थांबा नांदगाव रोड हा सिंधुदुर्गातला, मनमाडजवळचा आपला नांदगाव नव्हे.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल योजलेले आहेत. ते जसजसे पूर्ण होतील तसतशा तिथल्या बोटींच्या फेऱ्या कमी होतील. तोवर कोकणातून परतलेल्या गाडीचा तळ नाशिकला पोहोचल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. धक्क्याच्या उतारावर चाकांनी उडवलेले खारे पाणी सायलेन्सरच्या सांध्यांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर बसते, आणि गंज तिथूनच धरतो.