पापणी लवली नाही तर केवायसी अडते: दिव्यांगांच्या डिजिटल हक्काची पार्श्वभूमी

हयातीचा दाखला चेहऱ्यावरून काढण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या पीएम किसान योजनेची चेहरा पाहून होणारी केवायसी, म्हणजे ओळख पटवणी, जून २०२३ मध्ये. तेव्हापासून विदर्भातल्या आर्वी, अचलपूर, सिंदेवाहीकडच्या सेवा केंद्रांवर एक नवीच अडचण ऐकू येते. पूर्वी 'थंब लागत नाही' म्हणत, आता 'चेहरा घेत नाही' म्हणतात.

थंबची गोष्ट विदर्भाला नवी नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरुग्णांचं काम चालू होतं, पुढे वरोऱ्यालाही उभं राहिलं. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्याने ज्या सात प्रकारांना अपंगत्व मानलं, त्यांत बरे झालेले कुष्ठरुग्णही होते. २०१० मध्ये आधार आलं आणि झिजलेल्या बोटांच्या या माणसांपुढे ठसे घेणारं यंत्र ठेवलं गेलं. बोटं नसली तरी नोंदणीत सूट होती, पण रेशन दुकानातल्या यंत्राला सूट कळत नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खूप रुंद होता. सातचे एकवीस प्रकार झाले, त्यांत सिकलसेल हा अंग ठणकवणारा रक्ताचा आजार आला. गडचिरोली-चंद्रपूरसाठी ही मोठीच गोष्ट. अंग ठणकत असताना तालुक्याला रांगेत उभं राहण्यापेक्षा घरबसल्या अर्ज बरा, हे मान्यच करायला हवं. माहिती आणि संकेतस्थळं सुगम असावीत, हेही याच कायद्यात आलं. मात्र जून २०१७ च्या नियमांत एक पळवाट राहिली: मानकं दिली, पण ती पाळलीच पाहिजेत अशी पक्की सक्ती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं आणायला तीन महिने दिले. तोवर सात वर्षं गेली होती. याच सात वर्षांत गावागावांत स्मार्टफोन पोचले आणि बँका, योजना, दाखले सगळं त्यात शिरलं.

वाद खरा पेटला तो पापणीवरून. कॅमेऱ्यासमोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, हे ओळखायला यंत्र डोळे मिटून उघडायला सांगतं. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन अर्जदार न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. पापणी लववण्याला पर्याय ठेवा, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, कागदावरची केवायसी चालू ठेवा. माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्देश मात्र वेगळाच आहे: यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा. चेहरा जुळतो की नाही हे कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवते. तिने 'नाही' म्हटल्यावर आजवर दाद मागायला कुणी समोर नसायचं. निकालाचा रोख मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांकडे होता. पीएम किसानच्या ॲपवर त्याचं काय, हा प्रश्न तालुक्यात विचारायचा कुणाला?

तीच बुद्धिमत्ता दुसऱ्या बाजूने कामाचीही आहे. स्कॅन केलेला शासन निर्णय म्हणजे नुसतं चित्र, दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर तर उलटसुलटच ऐकू येतो. आता फोन तो शिक्क्यासकट ओळखून वाचून दाखवू शकतो. पण बोलून काम करायचं तर पुस्तकी मराठी हवी. 'मले पैसे आले का' विचारणाऱ्या वऱ्हाडी दृष्टिहीनाचं बोलणं यंत्राला निम्मंच कळतं, आणि गोंडी, कोलामी, कोरकू तर अजून फार मागे.

कागदावरची केवायसी चालते, हे केंद्रावर सहसा कुणी सांगत नाही. चालकाला पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या कामामागे. अडकलेल्या अर्जावर घालवलेला तास त्याच्या हिशेबात धरला जात नाही.