बैकालमध्ये सील आले कुठून?

१६६२ साली रशियन धर्मगुरू अव्वाकुम सैबेरियातली हद्दपारी भोगून परत निघाला होता. वाटेत बैकाल सरोवर ओलांडावं लागलं. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्याला ते सरोवर आठवलं: पाणी गोडं, आणि त्यात मोठाले सील. श्वेत समुद्राकडच्या मेझेनला राहूनही एवढे मोठे सील आपण पाहिले नाहीत, असं तो म्हणतो. आकाराच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकला, कारण बैकालचा सील जगातल्या सर्वांत लहान सीलांपैकी एक आहे. लांबी जेमतेम सव्वा मीटरच्या आसपास. पण गोडं पाणी आणि सील हे एकत्र कसे, हे त्याला जाणवलं. साडेतीनशे वर्षांनंतरही त्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण मिळालेलं नाही, आणि जे मिळालंय ते फार रंजक आहे.

बैकाल समुद्रसपाटीपासून ४५६ मीटर उंचीवर आहे. खोली १६४२ मीटर, वय अडीच कोटी वर्षांच्या घरात. त्यातून एकच नदी बाहेर पडते, अंगारा. ती येनिसेईला मिळते आणि येनिसेई उत्तरेला कारा समुद्रात जाते. नदीच्या वाटेनं मोजलं तर हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त भरतं. आणि इतक्या आत, खंडाच्या पोटात, लाखाच्या आसपास सील राहतात. ते चुकून आलेले नाहीत. त्यांची स्वतंत्र प्रजाती आहे आणि ती दुसरीकडे कुठेच आढळत नाही.

असे कोंडले गेलेले सील आणखीही आहेत. कॅस्पियन समुद्रात एक प्रजाती आहे. फिनलंडच्या साइमा सरोवरात आणि रशियाच्या लाडोगा सरोवरातही सील आहेत. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद, आणि त्यांचा जवळचा नातेवाईक म्हणजे आर्क्टिकच्या बर्फावर राहणारा रिंग्ड सील. त्याच्या पाठीवरच्या फिकट वलयांमुळे ते नाव पडलं.

पहिलं उत्तर एकोणिसाव्या शतकात सुचलं आणि ते साधं होतं: सील कुठून आले नाहीत, समुद्रच निघून गेला आणि ते मागे राहिले. कॅस्पियनच्या बाबतीत यात तथ्य आहे. आल्प्सपासून मध्य आशियापर्यंत एके काळी पॅराटेथिस नावाचा समुद्र पसरला होता. पर्वत उंचावत गेले, तो आक्रसला, तुटला, आणि काळा समुद्र, कॅस्पियन, अरल हे त्याचे तुकडे उरले. या पॅराटेथिसच्या काठांवर, अगदी व्हिएन्नाच्या परिसरातही, एक कोटी वर्षांहून जुन्या सीलांची हाडं सापडली आहेत. मग त्यांचेच वंशज कॅस्पियनमध्ये उरले आणि तिथून काही बैकालला पोहोचले, ही मांडणी आकर्षक वाटणं स्वाभाविक होतं. पण बैकाल स्वतः कधीच समुद्र नव्हता. तिथली जमीन फाटत गेली आणि त्या भेगेत नद्यांचं पाणी साठलं. त्यामुळे ‘मागे राहिले’ हे उत्तर तिथे लागूच पडत नाही.

दुसरं उत्तर हिमयुगाचं. सैबेरियातल्या मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. आर्क्टिकच्या कडेला हिमस्तर वाढून जमिनीवर चढला की या नद्यांची मुखं बंद होतात. पाणी तुंबतं आणि पश्चिम सैबेरियाच्या सपाटीवर प्रचंड सरोवरं तयार होतात. शेवटच्या हिमयुगात, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी, असं घडल्याच्या खुणा जमिनीत स्पष्ट दिसतात. हे तुंबलेलं पाणी कधीतरी कझाकस्तानातल्या तुर्गाईच्या खिंडीतून दक्षिणेला अरलकडे आणि तिथून कॅस्पियनकडे वाहिलं असावं, असंही मानलं गेलं. म्हणजे सीलांना आर्क्टिकपासून आतपर्यंत पाण्याचा सलग रस्ताच मिळाला. बैकालसाठी आणखी एक वाट सुचवली जाते. काही भूशास्त्रज्ञांच्या मते पूर्वी या सरोवराचं पाणी अंगाराऐवजी आर्क्टिकलाच मिळणाऱ्या लेना नदीकडे जात असे, आणि अंगाराची सरोवरातून बाहेर पडण्याची वाट भूशास्त्राच्या हिशेबात अलीकडची आहे.

प्राण्याचं शरीर या दुसऱ्या उत्तराच्या बाजूनं बोलतं. बैकालची मादी बर्फावर साचलेल्या हिमाखाली बीळ करून त्यात पिल्लू घालते, अगदी रिंग्ड सीलसारखंच. पुढच्या वल्ह्यांना दणकट नखं असतात. गोठलेल्या सरोवरात श्वास घेण्यासाठी ठेवलेली भोकं ती या नखांनी खरवडून उघडी राखते. कॅस्पियनची मादी बीळ करत नाही, उघड्या बर्फावरच विते, पण तिचं पिल्लूही पांढऱ्याशुभ्र लोकरीत जन्मतं. पॅराटेथिससारख्या उबदार समुद्रातल्या प्राण्याला पांढऱ्या पिल्लाचा काय उपयोग? माझ्या मते हाच पुरावा सर्वांत वजनदार आहे. हाडांच्या तुकड्यांवरून नातं जुळवताना चूक होऊ शकते, पण पिल्लाचा रंग ही आर्क्टिकमधूनच आणलेली शिदोरी वाटते.

मग जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि गोष्ट अवघड झाली. २००३ मध्ये जपानी आणि रशियन शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या डीएनएवरून हिशेब केला, तेव्हा बैकालचा सील आणि रिंग्ड सील सुमारे चार लाख वर्षांपूर्वी वेगळे झाल्याचं दिसलं. २००६ मध्ये हेलसिंकीच्या युक्का पालो आणि रिस्तो व्हाइनोला यांनी जास्त लांब जनुकीय क्रम घेऊन पुन्हा मांडणी केली. त्यांच्या वंशवृक्षात रिंग्ड, बैकाल, कॅस्पियन आणि उत्तर अटलांटिकचा ग्रे सील या फांद्या जवळजवळ एकाच सुमाराला फुटतात, आणि तो काळ २० लाख वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही मागचा निघतो. म्हणजे ९० हजार वर्षांपूर्वीची बर्फाळ सरोवरं या फुटीला फार उशिराची ठरतात आणि पॅराटेथिसचे सील फार आधीचे. दोन्ही सोप्या गोष्टी एकाच फटक्यात अडचणीत आल्या.

यातून एक गोष्ट मात्र शिकता येते. दोन वंश वेगळे झाल्याची तारीख आणि प्राणी सरोवरात शिरल्याची तारीख एकच असायला हवी, असं काही नाही. बैकाल सीलचे पूर्वज आर्क्टिकमध्येच वेगळे झाले, तिथे दीर्घकाळ राहिले, नंतर नदीनं वर आले आणि समुद्रात उरलेले त्यांचे सख्खे नामशेष झाले, असंही घडू शकतं. वयाच्या आकड्यांवरून वाद घालताना हा फरक वारंवार विसरला जातो.

नदीनं वर येणं सीलांना अशक्य आहे, असं कुणी समजू नये. कॅनडात क्वेबेकच्या उत्तर भागात हडसन उपसागरापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत काही सरोवरांमध्ये हार्बर सील काही हजार वर्षांपासून राहतात. अलास्काच्या इलियाम्ना सरोवरातही ते बारमाही आहेत. किंबहुना सीलांचं मूळच गोड्या पाण्यात असावं, याला एक भक्कम पुरावा आहे. २००७ मध्ये कॅनडाच्या डेव्हन बेटावर, जुन्या सरोवराच्या गाळात, दोन कोटी वर्षांहून जुना एक सांगाडा मिळाला. पुइजिला असं नाव दिलेल्या या प्राण्याला वल्ही नव्हती. पाणमांजरासारखे चार पाय होते, पण कवटी आणि दात सीलांच्या घराण्याचे.

बैकालला पोहोचल्यावर काय झालं, ते जास्त स्पष्ट आहे. तिथे गोलोम्यांका नावाचा मासा आहे: जवळजवळ पारदर्शक, तेलानं भरलेला, अंडी न घालता पिल्लं देणारा. सीलांचं मुख्य अन्न तोच, असं कायम मानलं जाई. जपानच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतले युकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी सीलांच्या अंगावर कॅमेरे आणि हालचाल टिपणारी यंत्रं बसवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हे सील रात्री एकेका बुडीत सरासरी ५७ बारीक कवचधारी जीव टिपतात. आपल्याकडच्या जवळ्यासारखे हे जीव, एकेक करून, दिवसाला हजारोंनी. त्यासाठी दाढांना कंगव्यासारखी टोकं आहेत, म्हणजे घास आत राहतो आणि पाणी गाळून बाहेर जातं. दूर समुद्रातल्या नातेवाइकांपेक्षा ही टोकं जास्त ठळक आहेत. एवढ्या खोल, नापीक वाटणाऱ्या सरोवरात लाखभर सील कसे पोसले जातात, याचं उत्तर बऱ्याच अंशी या दाढांमध्ये आहे.

साइमाची गोष्ट वेगळी आणि छोटी. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर हिमस्तराच्या ओझ्यातून सुटलेली जमीन वर उचलली गेली, सरोवर बाल्टिकपासून तुटलं आणि सील आत अडकले. याला साडेनऊ-दहा हजार वर्षं झाली. मात्र अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत हा वंश त्याहून बराच आधी वेगळा झाल्याचं दिसतं आणि त्याला स्वतंत्र प्रजाती मानावं, असा प्रस्तावही पुढे आला आहे. १९८० च्या दशकात तिथे दोनशेहून कमी सील उरले होते, आज पाचशेच्या आसपास आहेत. वसंत ऋतूत मासेमारीच्या जाळ्यांवर बंदी असते. हिम कमी पडलेल्या हिवाळ्यात स्वयंसेवक फावड्यांनी हिमाचे ढीग रचतात, म्हणजे माद्यांना बीळ करायला जागा मिळते.

कॅस्पियनमध्ये असा हातभार लावणं शक्य नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दहा लाखांच्या आसपास सील होते. बेसुमार शिकार झाली, २००० साली कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या साथीत दहा हजारांहून अधिक मेले, आणि २००८ पासून ही प्रजाती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. ते आजही उत्तर कॅस्पियनच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात धरणाऱ्या बर्फावरच वितात. तो बर्फ कमी होत चालला आहे, समुद्राची पातळीही घटते आहे, आणि जिथे बर्फ धरतो तो उत्तरेचा उथळ भागच सर्वांत आधी कोरडा पडतो आहे.