सूज एका पायावर की दोन्ही?

पाय सुजलेत असं कोणी म्हटलं की आधी एवढंच बघायचं, एकच सुजलाय की दोन्ही. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

हृदय रक्त खाली पाठवतं पण ते परत वर चढवायला पोटरी लागते. चालताना पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जाऊन रक्त वर सरकतं आणि खाली घसरू नये म्हणून शिरांत छोट्या झडपा असतात. तासन्तास उभं राहिलं किंवा बसून राहिलं की हा पंप थंडावतो, शिरांमधला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि संध्याकाळी चप्पल रुतायला लागते. सकाळी सूज उतरलेली असते. झडपाच निकामी झाल्या तर निळ्या, वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा दिसतात, तेच व्हेरिकोज व्हेन्स.

नडगीवर अंगठ्याने १० सेकंद दाबून बघा, खड्डा पडला आणि हळूहळू भरला तर आत पाणी साठलंय.

दोन्ही पायांवर असा खड्डा रोज पडत असेल तर कारण पायाबाहेरचंही असू शकतं. हृदय कमजोर झालं, किडनीतून प्रोटीन जायला लागलं (तेव्हा लघवीला फेस येतो) किंवा लिव्हर बिघडलं तरी पाणी पायात उतरतं. आणि हो, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन गोळी घेऊनही घोटे सुजतात, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

सूज नाही पण थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, तर धमनी अरुंद झालेली असू शकते, सिगारेट आणि शुगरवाल्यांमध्ये हे जास्त. कमरेतून पायापर्यंत कळ जात असेल तर ती बहुतेक नसेची, म्हणजे मज्जातंतूची.

आता एकच पाय. लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर बहुतेक त्वचेखाली इन्फेक्शन. पण ऑपरेशननंतर, प्लॅस्टर असताना, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि अशा वेळी घरचे प्रेमाने तेल लावून चोळायला बसतात, ते कृपा करून करू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डॉपलर सोनोग्राफीत (शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी) ती दिसते, त्याच दिवशी करून घ्या, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सोनोग्राफीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.