म्युनिकच्या फुटपाथवर पितळी दगड का नाहीत

नाझींनी छळलेल्या आणि मारलेल्या लोकांच्या आठवणीचे ते दगड जर्मनीत फिरलेल्यांनी पाहिलेच असतील, त्यांच्या घरांसमोर फुटपाथमध्ये बसवलेले, दहा बाय दहा सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा. त्यावर 'इथे राहत होता' किंवा 'होती', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि पुढे काय झालं. म्युनिकला मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते दिसत नाहीत, आणि लोक पटकन म्हणून टाकतात की या शहराला आठवणच नकोय. प्रकरण इतकं सोपं नाहीये.

सुरुवात जर्मनीतल्याच कोलोन शहराची. १९९० मध्ये एका शिल्पकाराने तिथल्या रस्त्यांवर रंगाची रेघ ओढली, मे १९४० मध्ये नाझींनी हजारेक रोमा आणि सिंती लोकांना (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत) ज्या वाटेने नेलं होतं ती वाट दाखवायला. एक म्हातारी बाई म्हणाली, आमच्या भागात असले लोक कधी राहिलेच नाहीत. त्यातून घराघरासमोर नाव लावायची कल्पना निघाली. पहिला दगड १९९२ चा, कोलोनच्या टाउन हॉलसमोर. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात ५१ दगड बसवले तेही परवानगी न घेता, परवानगी नंतर आली. मग गावोगावी हे पसरलं. दगड बसवताना शाळेची मुलं त्या माणसाची माहिती वाचतात, कुणीतरी व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट वाजवतं, परदेशातून आलेले नातेवाईक प्रार्थना म्हणतात, आणि पुष्कळ कुटुंबांसाठी हाच एकमेव अंत्यविधी असतो कारण कबर कुठेच नाही.

आता म्युनिक. २००४ मध्ये एका ज्यू जोडप्यासाठी त्यांच्या जुन्या घरासमोर दोन दगड बसवले होते. दोघांनाही १९४१ मध्ये लिथुआनियातल्या कौनासला नेऊन गोळ्या घातल्या होत्या. शहराने ते दगड उखडून काढले आणि सार्वजनिक जागेवर असे दगड नकोत असा ठराव केला. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये होता, लहानपणी पाठवला म्हणून वाचलेला, आणि दगड परत बसावेत म्हणून तो नंतर बोलत राहिला.

विरोध मुख्यतः तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षांचा होता. त्या स्वतः लहानपणी एका शेतकरी कुटुंबाने लपवल्यामुळे वाचलेल्या. त्यांचं म्हणणं, ज्यांना तुडवून मारलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली, चिखलात, कुत्र्यांच्या वाटेवर का? नाझींनी ज्यू कबरींचे दगड रस्त्यांच्या फरसबंदीला वापरले होते हे माहीत असेल तर हा आक्षेप हळवेपणा वाटत नाही. दगडांच्या बाजूचे म्हणायचे की नाव वाचायला माणसाला वाकावं लागतं, म्हणजे तो नमस्कारच झाला, आणि युरोपातल्या मोठमोठ्या चर्चमध्ये लोक थडग्यांवरूनच चालतात की. पण या बाजूलाही ज्यू लोक होते, म्युनिकमधलेच, आणि मारल्या गेलेल्यांची मुलं-नातवंडं होती, त्यामुळे 'ज्यू समाजाला नको होतं' असं सरसकट लिहितात ते चूक आहे.

२०१५ मध्ये शहर परिषदेने बंदी कायम ठेवली. काही जण कोर्टात गेले, तिथेही हरले.

मला दोन्ही बाजू समजतात, पण शेवटचा शब्द त्या घरच्या माणसांचा हवा होता असंच वाटतं. ज्याचे आईवडील गेले तो म्हणतोय की नाव इथे जमिनीवर पाहिजे, तर शहराने दुसऱ्या वाचलेल्या माणसाचं दुःख पुढे करून त्याला नाही म्हणणं हे मला पटलेलं नाही.

२०१८ पासून शहराने स्वतःचा पर्याय आणला, सोनेरी रंगाच्या पाट्या. घरमालक तयार असेल तर भिंतीवर, नाहीतर समोर रस्त्यावर खांबावर, वाचायला वाकावं लागणार नाही एवढ्या उंचीवर, आणि फोटो असेल तर तोही लावतात. फोटोची गोष्ट खरंच चांगली आहे, चेहरा दिसला की नाव वेगळं लागतं. दगडही संपले नाहीत, खाजगी जागेवर बंदी नसल्यामुळे काही घरांच्या दाराशी ते बसलेत, म्हणजे एकाच शहरात आता दोन्ही आहेत. आणि २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला तो न्युरेम्बर्गला, त्याच बव्हेरिया राज्यात, म्युनिकहून रेल्वेने तास-सव्वातासावर.