टॅनिन वेगळं, बॉडी वेगळी: थंडीसाठी रेड वाइन निवडताना

थंडीत 'हेवी' रेड वाइन हवी, असं सगळेच म्हणतात. हेवी म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की मात्र टॅनिन (तोंडाला तुरटपणा आणणारा घटक) आणि बॉडी (घोटाचा भरीवपणा) यांची सरमिसळ होते. दोन्ही चवीपेक्षा तोंडातल्या स्पर्शाने कळतात. शिवाय कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या वाइनसारख्या वाइनमध्ये दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे ही एकच गोष्ट आहे असा समज होतो. थंडीच्या रात्री आपल्याला हवी असते ती बॉडी. टॅनिन थंडीत उलट अंगावर येऊ शकतं.

टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडं देठांतून उतरतं. ओकच्या पिंपातूनही थोडं येतं. व्हाइट वाइनसाठी आधी रस पिळून घेतात आणि मग तो आंबवतात. रेड वाइन सालीसकट आंबते, म्हणून टॅनिन हा मुख्यतः रेडचाच विषय. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा निसरडेपणा जातो आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू आक्रसल्यासारखी होते. यासाठी मराठीत 'तुरट' हा नेमका शब्द आहे. तो सोडून लोक 'ड्राय' म्हणतात आणि गोंधळात भर घालतात, कारण वाइनच्या भाषेत ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळपास उरलेली नाही अशी वाइन.

बॉडी म्हणजे घोट तोंडात किती भरीव वाटतो ते. साय काढलेलं दूध आणि सायीसकट दूध यांत जो फरक, तोच इथे. बॉडीत मोठा वाटा अल्कोहोलचा, मग उरलेली साखर आणि द्राक्षातून आलेल्या विरघळलेल्या घटकांचा. ढोबळ हिशेब असा: अल्कोहोल 12.5 टक्क्यांच्या आत असेल तर हलकी, 13.5 च्या वर भरदार. हा आकडा लेबलवर छापलेला असतो, टॅनिनचा नसतो. ग्लास फिरवल्यावर काचेवरून उतरणारे ओघळ पाहून लोक हरखतात. ते प्रामुख्याने अल्कोहोलमुळे पडतात, त्यावरून दर्जा कळत नाही.

फरक जिभेला पटवून द्यायचा असेल तर दूध-साखर न घालता दोन कप चहा करा. एकात पत्ती 2 मिनिटं ठेवा, दुसऱ्यात 8 मिनिटं. दुसरा कप तोंड सुकवेल, पण पहिल्यापेक्षा फारसा दाट वाटणार नाही. टॅनिन वाढलं, बॉडी जवळपास तिथेच.

ऊब वाटते ती अल्कोहोलमुळे. तिखट ज्या चेतातंतूंना झोंबतं, त्यांनाच अल्कोहोलही चाळवतं, म्हणून 14.5 टक्क्यांची वाइन घशात गरम लागते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल तापतात. पण याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जाते. म्हणजे ऊब जाणवते, मिळत नाही. बाहेर गारठ्यात उभं राहायचं असेल तर जाड कोटाला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त चुका तापमानात होतात. गार खोलीतली बाटली सहज 10 अंशांवर येते. या तापमानाला सुगंध दबतो आणि तुरटपणा टोचायला लागतो. मग चांगल्या वाइनला कडवट, कर्कश ठरवलं जातं. भरपूर टॅनिनची रेड 16 ते 18 अंशांवर द्यावी, हलकी आणि कमी टॅनिनची 12 ते 14 वर चालते. गारठलेली बाटली कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा, किंवा ग्लास एक-तृतीयांश भरून तळहातांत धरा. हीटरजवळ ठेवू नका. 20 अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास हरवतो.

रंगावर जाऊ नका. नेबिओलो ही इटलीतल्या पिएमोंते प्रांताची द्राक्षाची जात, बारोलो ही वाइन तिच्यापासूनच होते. रंगाने फिकट, टॅनिनने जबरदस्त. झिनफांडेल आणि ग्रेनाश या द्राक्षांच्या वाइनमध्ये अल्कोहोल जास्त, बॉडी भरदार, पण टॅनिन बेताचं. माल्बेकही भरदार आणि तुलनेने मऊ असते. नुसता ग्लास घेऊन बसायचं असेल तर या तिघींपैकी एक घ्या. नेबिओलो किंवा तरुण कॅबर्ने जेवणासाठी ठेवा. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात, चीजही तेच करतं. बॉडीची जोड मात्र पदार्थाच्या वजनाशी लावायची: घट्ट रश्श्यापुढे हलकी वाइन पाण्यासारखी लागते. तिखट जेवणासोबत 14 टक्क्यांच्या पुढची वाइन टाळा, दोन्हींची आग एकमेकांत मिसळते.

डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, ओतून तास-दोन तास ठेवल्यास तरुण, तुरट वाइन खुलते. बॉडी त्याने तसूभरही वाढत नाही. पातळ वाइन डिकँट केली तरी पातळच राहते.

मसाले घालून वाइन गरम करणार असाल तर टॅनिनची आणखी खबरदारी घ्या. लवंग आणि दालचिनी स्वतःच तुरट असतात, त्यात टॅनिनची भर पडली की पेय कडू होतं. फळांची चव पुढे असलेली, ओकचा स्पर्श नसलेली साधी वाइन निवडा. 750 मिलिलिटरला 5-6 लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, संत्र्याची साल (पांढरा भाग काढून) आणि 3-4 चमचे साखर पुरे. मंद आचेवर 70 अंशांपर्यंत न्या, वाफ दिसू लागली की आच बंद करा. शुद्ध अल्कोहोल सुमारे 78 अंशांवर उकळतं, म्हणून वाइन उकळत ठेवली तर त्यातलं बरंच उडून जातं. लवंगा 20 मिनिटांनी काढून टाका.